पोटात असताना बाळाची वाढ मागे पडली तर पुढे दमा-ॲलर्जी होते का?

खाडीकाठची

नमस्कार. बरेच महिने नुसती वाचतेय इथे, आज पहिल्यांदा लिहितेय कारण रात्री झोप लागत नाही. आम्ही मालवण तालुक्यात खाडीला लागून राहतो. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. मिरगाचा पाऊस सुरू झाला की आठवड्याभरात त्याला सर्दी, आणि सर्दी झाली की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री छातीत घरघर, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, बोलता येत नाही, मग रात्री अकराला रिक्षा करून नेब्युलायझर लावायला पळायचं. तीन पावसाळ्यात सहा-सात वेळा झालंय हे. शिवाय कोपराच्या घडीत आणि गुडघ्याच्या मागे कोरडे चट्टे आहेत, खाजवून रक्त काढतो. नवऱ्याला लहानपणी दमा होता, आता फक्त सकाळी शिंका येतात दहा-पंधरा.

आता मुद्दा. हा पोटात होता तेव्हा पाचव्या महिन्यातल्या स्कॅनला सगळं चांगलं होतं, बाळ चांगलं भरतंय म्हणाले. पण ३२ आठवड्यांच्या स्कॅनला बाळाचं डोकं बरोबर आणि त्याच्या पोटाचा घेर मागे आला. तेव्हा मला एवढंच सांगितलं की बाळ बारीक आहे, खा जरा. ३७ व्या आठवड्यात सिझर झालं, वजन २ किलो १००. मी सातव्या महिन्यापर्यंत काजूच्या कारखान्यात कामाला जात होते.

गेल्या महिन्यात एका मोठ्या डॉक्टरकडे नेलं मुलाला, त्यांनी जन्माचं वजन विचारलं आणि म्हणाले, "काही मुलांचं हे पोटातूनच आलेलं असतं." बाहेर चाळीस माणसं बसलेली, पुढचं काही विचारता आलं नाही. ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. सासूबाई म्हणतात तू सारखी बांगडा खायचीस, बांगडा उष्ण, म्हणून झालं.

आणि मी परत दोन महिन्यांची आहे. दहावा आठवडा चालू आहे. म्हणून विचारते, खरंच पोटातल्या वाढीचा आणि दम्याचा काही संबंध असतो का? असेल तर माझ्याकडून काय चुकलं, आणि या वेळी आत्तापासून काय करू? कुणाला माहीत असेल तर प्लीज नीट समजावून सांगा, मी बारावी सायन्स आहे, समजेल मला.

देवगडची मावशी

बाय गे, पयली गोष्ट म्हणजे स्वताक दोष देव नको. माझो झील आता बारावीक आसा, तेका पण ल्हानपणी असाच होता, रातभर मांडयेर घेवन बसलंय मी. आता मराठीत लिहिते, नाहीतर बाकीच्यांना कळायचं नाही.

माझा मुलगा ३४ व्या आठवड्यात झाला, १ किलो ९००. पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत प्रत्येक पावसाळ्यात घरघर. मग हळूहळू कमी झालं आणि आता कबड्डी खेळतो. उलट माझ्या बहिणीची मुलगी पूर्ण दिवसांची, ३ किलो ४००, सगळे कौतुक करायचे बाळ कसं गुटगुटीत आहे, ती आज वीस वर्षांची आहे आणि अजून पर्समध्ये दम्याचा पंप घेऊन फिरते. म्हणजे नुसत्या वजनावर काय नाही. हे मी घरातलं सांगते, शास्त्र मला माहीत नाही.

एकच सांगते. आम्हाला गावात सगळे म्हणाले पंप देऊ नका, सवय लागते, फुफ्फुस आळशी होतं. मी दोन वर्षं ऐकलं त्यांचं. त्या दोन वर्षांत पोरगं किती वेळा ॲडमिट झालं ते आठवलं की अजून पोटात तुटतं. तू ती चूक करू नको.

चिपळूणचा बालरोगवाला

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलाला तपासलेलं नाही त्यामुळे औषधाचं काही सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांकडूनच. पण तुम्हाला जे वाक्य ऐकवून पाठवलं त्याच्या मागचं सांगतो, कारण ते अर्धवट ऐकलं तर आई स्वतःला खात बसते, रोज बघतो मी.

फुफ्फुसाचा पहिला कोंब चौथ्या आठवड्याच्या सुमारास येतो, म्हणजे बऱ्याच बायकांना दिवस गेलेत हे कळायच्या आसपास. तिथून श्वासाच्या नळ्यांना फांद्या फुटत जातात, झाडासारख्या, आणि साधारण सोळा-सतरा आठवड्यांपर्यंत या फांद्यांची संख्या ठरून जाते. त्यानंतर त्या लांब-रुंद होतात पण नवीन फुटत नाहीत. हवेचे बारीक फुगे, ज्यात प्राणवायू रक्तात जातो, ते मात्र शेवटच्या महिन्यांत तयार व्हायला लागतात आणि त्यातले बरेचसे जन्मानंतर पहिल्या दोन-तीन वर्षांत होतात. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत वाढ मंद राहिली तर नळ्या मुळातच अरुंद राहू शकतात. अरुंद नळीत सर्दीचा थोडा चिकटा आला तरी शिट्टी वाजते. मोठ्या माणसाला त्याच सर्दीने नुसतं नाक गळतं.

अमेरिकेत टूसान नावाच्या गावात १९८० पासून बाळांचा एक गट जन्मापासून धरून ठेवला होता. १९९५ साली त्यांनी सांगितलं की पहिल्या तीन वर्षांत घरघर झालेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुलांची सहा वर्षांपर्यंत थांबली होती. आणि ज्यांची थांबली त्यांच्यात एक गोष्ट सापडली, पहिलं आजारपण यायच्या आधीच, तान्हेपणी मोजलेली फुफ्फुसाची ताकद कमी होती. म्हणजे दमा नव्हता, नळी लहान होती. मूल वाढलं, नळी वाढली, शिट्टी गेली. देवगडच्या मावशींच्या मुलाचं बहुतेक असंच असावं.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा. अंगावर चट्टे, घरात कुणाला दमा किंवा शिंका, सर्दी नसतानाही धुळीने-धुराने धाप लागणं. तुमच्या मुलाला चट्टे आहेत आणि वडलांना दमा होता, त्यामुळे हा आपोआप जाईल असं धरून बसू नका. नियमित घ्यायचं औषध लागेल का हे डॉक्टरांना सरळ विचारा, आणि पंप दिला तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) आणि मास्कमधूनच द्यायचा, या वयात नुसता तोंडात मारून अर्धं औषध घशात जातं. मावशींनी सवयीबद्दल सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, सवय लागत नाही. चट्ट्यांना रोज दोनदा अंघोळीनंतर लगेच साधं मॉइश्चरायझर लावा, याकडे फार दुर्लक्ष होतं आपल्याकडे.

बांगड्याचं मास्तर सांगतील तर बरं, त्यांनी या विषयावर वाचलंय.

जीवशास्त्र मास्तर

हो, आलो. रत्नागिरीत कॉलेजला शिकवायचो, आता निवृत्त. माझ्या नातीला हाच त्रास आहे म्हणून गेली चार वर्षं हे वाचतोय, जरा लांब लिहीन, सांभाळून घ्या.

हा सगळा विचार सुरू झाला तो डेव्हिड बार्कर नावाच्या इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या डॉक्टरांपासून. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी जुन्या नोंदवह्या काढून दाखवलं की जन्माला आणि पहिल्या वर्षाला ज्यांची वजनं कमी होती त्यांच्यात पुढे म्हातारपणी हृदयविकाराने मरणारे जास्त. लोकांना पटेना. पण मग बाकीच्या आजारांसाठीही तसंच बघायला लागले, त्यात दमा-ॲलर्जी पण आली.

आता तुझ्या प्रश्नाशी अगदी जवळचा अभ्यास. त्याच साउथॅम्प्टनला १९९८ ते २००२ मध्ये २० ते ३४ वयाच्या साडेबारा हजार बायकांची नावं घेऊन ठेवली, दिवस जायच्या आधीच, हे महत्त्वाचं. त्यातल्या ज्यांना नंतर दिवस गेले त्यांचे ११, १९ आणि ३४ आठवड्यांना स्कॅन केले, बाळाचं डोकं-पोट मोजलं, आणि मुलं तीन वर्षांची झाल्यावर दीड हजारांहून जास्त मुलांची ॲलर्जीची टेस्ट केली, घरघर विचारली. २०१० साली छापून आलं. त्यात दोन वेगळ्या वाटा दिसल्या. जी बाळं सुरुवातीलाच मंद वाढली त्यांच्यात ॲलर्जीशिवायची घरघर जास्त, म्हणजे डॉक्टर वर म्हणाले ती लहान नळी. आणि जी बाळं सुरुवातीला भराभर वाढली पण १९ आठवड्यांनंतर मागे पडली, विशेषतः पोटाच्या घेरात, त्यांच्यात तीन वर्षांना ॲलर्जी आणि ॲलर्जीवाली घरघर जास्त.

हे असं का? बाळ जोरात वाढत असतं आणि मध्येच वारेतून (प्लॅसेंटातून) येणारं रक्त पुरेना झालं की बाळ आधी मेंदू सांभाळतं. रक्त डोक्याकडे वळवतं, मग यकृत बारीक राहतं म्हणून पोटाचा घेर कमी भरतो आणि डोकं ठीक दिसतं. तुझ्या ३२ आठवड्यांच्या रिपोर्टमध्ये अगदी हेच चित्र आहे. आपल्या छातीत हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, रोगप्रतिकारक पेशींची शाळाच ती, तिच्याकडे पण या काळात कमी रक्त जात असावं आणि तिथून पेशींचं शिक्षण थोडं ॲलर्जीकडे झुकत असावं असा अंदाज मांडलेला आहे. बार्करच्याच मंडळींना १९९४ मध्ये मोठ्या माणसांत दिसलं होतं की जन्माच्या वेळी डोकं मोठं होतं त्यांच्या रक्तात आयजीई, म्हणजे ॲलर्जीचं द्रव्य, जास्त.

पण बाई, इथे थांबून नीट वाच. तुझे दोन स्कॅन बघून कुणीही असं म्हणू शकत नाही की म्हणून तुझ्या मुलाला दमा झाला. हे हजारो मुलांच्या सरासरीतले थोडे थोडे फरक आहेत. मागे पडलेल्यांतली पुष्कळ मुलं ठणठणीत असतात आणि नीट वाढलेल्यांना दमा होतो, मावशींच्या भाचीसारखा. २०१४ साली युरोपातल्या ३१ अभ्यासांतली जवळजवळ १ लाख ४७ हजार मुलं एकत्र करून बघितली तेव्हा असं निघालं की जन्माच्या कमी वजनाचा जो परिणाम वाटत होता त्यातला बराचसा खरं तर लवकर जन्मण्याचा होता. जितके आठवडे कमी तितका धोका जास्त. आणि अजून एक, पहिल्या वर्षात वजन फार झपाट्याने वाढलं त्यांच्यातही घरघर जास्त.

म्हणजे पोटातली वाढ हा एक धागा. वडलांचा दमा दुसरा, खाडीकाठची ओल तिसरा, धूर चौथा, असे किती तरी.

बांगड्याचं. सासूबाईंना आदराने सांग की उलट आहे. डेन्मार्कमध्ये ७३६ गरोदर बायकांवर प्रयोग केला, शेवटच्या तिमाहीत अर्ध्यांना माशाच्या तेलातलं ओमेगा-३ रोज २.४ ग्रॅम दिलं, अर्ध्यांना ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या. २०१६ साली निकाल आला. पुढे मुलांमध्ये सतत घरघर किंवा दमा माशाच्या तेलवाल्यांत १६.९ टक्के, दुसऱ्यांत २३.७ टक्के. ज्या बायकांच्या रक्तात हे तेल आधीच कमी होतं त्यांना जास्त फायदा. आता २.४ ग्रॅम हा मोठा डोस आहे, ताटातल्या मासळीतून रोज तेवढं मिळत नाही, आणि गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. पण ज्या बांगड्याला आणि तारलीला आपण गरिबाची मासळी म्हणतो त्यातच हे तेल भरपूर आहे. बंदी उठून ताजी मासळी आली की आठवड्यातून दोन-तीनदा खुशाल खा. मोरी, मोठी सुरमई असे मोठे शिकारी मासे कमी खा, त्यांच्यात पारा साठतो. सुका बांगडा मिठाचा असतो म्हणून बेताने.

आणि ॲलर्जी होऊ नये म्हणून आईने गरोदरपणात शेंगदाणे, अंडी, मासे सोडायचे हा सल्ला जुना झाला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली दिला होता तसला, २००८ मध्ये मागे घेतला. तुला स्वतःला कशाची ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी.

राजापूरकर

मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे पण मला हे परदेशी स्कॅन-बिन पटत नाही. आमच्या आजीला दहा मुलं झाली, कुणाचं वजन केलं होतं? चुलीसमोर बसून सगळं केलं तिने. आता चूल गेली, गॅस आले, आणि दमा वाढला. मला वाटतं कचरा जाळणं, प्लॅस्टिक, स्लॅबच्या घरातली बुरशी हेच कारण. कौलारू घरात वारा खेळायचा.

जीवशास्त्र मास्तर

राजापूरकर, बुरशीचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. आपल्याकडे पावसात हवेत एवढी ओल असते की गादीतले धुळीचे किडे आणि भिंतीवरची बुरशी दोन्ही फोफावतात. स्लॅबला ओल धरली आणि खिडक्या बंद, तर मुलाला त्रास होणारच.

आजीचं म्हणाल तर माझ्या आजीला नऊ झाली, त्यातली पाच जगली. जी गेली त्यांची घरघर कुणी मोजली नाही. धाप लागून गेलं असं एवढंच ऐकलंय मी लहानपणी.

आणि पोटातल्या काळाचा परिणाम फक्त स्कॅनवाल्या अभ्यासांतच दिसला असं नाही. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे भीषण उपासमार झाली, तेव्हा पोटात असलेल्या मुलांना पन्नाशीत तपासलं. गर्भारपणाच्या सुरुवातीच्या किंवा मधल्या काळात ज्यांच्या आया उपाशी होत्या त्यांच्यात श्वासनळ्या अडण्याचे आजार जास्त निघाले. गंमत म्हणजे आयजीई वाढलेलं नव्हतं, म्हणजे तिथे ॲलर्जीची वाट नव्हती, नळ्यांचीच असावी. आणि आपल्या जवळचंच बघायचं तर पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि मंडळींनी १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केलाय, तो दम्याचा नाही, पण पोटातली वाढ आईच्या खाण्याशी कशी बांधलेली आहे ते त्यात दिसतं. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तेव्हा साउथॅम्प्टनला साडेतीन. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं भरलेली होती. आपल्या जिल्ह्यात डेरवणला वालावलकर रुग्णालयाची मंडळी तर गरोदरपणाच्याही आधीपासून, गावातल्या किशोरवयीन मुलींपासूनच सुरुवात करून बघतायत.

चुलीचं मात्र प्रामाणिकपणे सांगतो. भारतासह (आपल्याकडे तामिळनाडूत) चार देशांत सुमारे ३२०० गरोदर बायकांना घेऊन प्रयोग झाला, अर्ध्यांना गॅस दिला, २०२२ मध्ये निकाल आला, बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नाही पडला. मला वाईट वाटलं होतं वाचून. पण मूल धापत असताना धूर त्रास देतोच, त्यासाठी वेगळा प्रयोग नको.

निवृत्त सिस्टर

मी अडतीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली, सावंतवाडी-दोडामार्ग भागात. मास्तरांचं सगळं वाचलं, छान लिहिलंय, पण खाडीकाठच्या बाय, मला तुला काही साधे प्रश्न विचारायचेत जे तुला स्कॅनच्या खोलीत कुणी विचारले नसतील.

हिमोग्लोबिन किती होतं आणि आता किती आहे? गोळ्या खरंच घेतल्यास की पोट बिघडतं म्हणून ट्रंकेत ठेवल्यास? कारखान्यात उभं राहून काम की बसून, आणि टरफलं भाजायचा धूर येत होता का तुझ्या जागेवर? न्हाणीतल्या चुलीत काय जाळता, चुडतं आणि सोडणं (नारळाच्या झावळ्या आणि सालं) ना? ती चूल कोण पेटवतं?

आणि शेवटचं. मशेरी लावतेस का? खरं सांग, इथे तुला कुणी ओळखत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणींना मी हे विचारायची तेव्हा आधी सगळ्या नाही म्हणायच्या, आणि मग सासू बाहेर गेली की हो म्हणायच्या.

खाडीकाठची

सिस्टर तुमचा मेसेज वाचून हात थरथरले. हो. लावत होते. लग्नाच्या आधी कधीच नाही, पहिल्या वेळी पाचव्या महिन्यात दाढ दुखत होती आणि सकाळी मळमळायचं, सासूबाईंनी दिली, जरा बरं वाटायचं. मग सकाळ-दुपार-रात्र झाली. मला वाटायचं ओढत नाही ना, मग धूर कुठे जातो बाळाला. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अजूनही लावते, दिवसातून दोनदा.

हिमोग्लोबिन तेव्हा ८.६ होतं, आता ९.४. गोळ्या अर्ध्या घेतल्या होत्या. कारखान्यात मी सोलायला बसायचे, भाजायची भट्टी पलीकडे होती पण वारा फिरला की धूर यायचा आत, डोळे झोंबायचे. न्हाणीची चूल मीच पेटवते.

म्हणजे माझ्यामुळेच झालं ना हे सगळं?

निवृत्त सिस्टर

नाही. हे वाक्य परत लिहू नको.

ऐक. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं आणि वारेतून बाळाकडे. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली छापून आला होता, आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवला होता म्हणून पाठ आहे. मशेरीसारखा न ओढायचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम कमी भरली आणि दिवसांच्या आधी जन्मणारी पण जास्त निघाली. १०५ ग्रॅम. तुझं बाळ किती कमी होतं ते बघ, सगळं मशेरीने झालेलं नाही. रक्त कमी होतं, काम होतं, आणि काही वेळा वारच नीट बसलेली नसते, त्याला तू काय करणार. तुला दिली ती दुखण्यावर औषध म्हणून दिली, तुझ्या सासूला तिच्या सासूने दिली असेल.

पण आज दहावा आठवडा आहे. डॉक्टरांनी काय लिहिलंय बघ, नळ्यांच्या फांद्या सोळा-सतरा आठवड्यांपर्यंत फुटतात. म्हणजे आत्ता, या पंधरवड्यात, तुझ्या बाळाचं तेच काम चालू आहे. यापेक्षा चांगला मुहूर्त मिळणार नाही सोडायला. पहिले चार-पाच दिवस चिडचिड होईल, डोकं दुखेल, हात डब्याकडे जाईल. तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेव, आणि दाढेचं मूळ दुखणं दंतवैद्याला दाखव, गरोदरपणात दाढेवर उपचार होतात. १८००-११-२३५६ हा सरकारचा तंबाखू सोडायचा फुकट फोन आहे, मराठीत बोलतात.

लोहाच्या गोळीने पोट बिघडत असेल तर जेवणानंतर घे, लिंबू किंवा कोकम सरबताबरोबर चालेल, चहाबरोबर नको. आणि भाजी. आत्ता टाकळा-कुर्डू फुकट उगवलेत दारात, अष्टमीला शेगलाची (शेवग्याच्या पाल्याची) भाजी सगळ्यांकडे होते, ती एका दिवसापुरती का? रोज कर. न्हाणीची चूल नवऱ्याला पेटवू दे, तो दोन काड्या ओढू शकतो. मुलाला त्या वेळी पडवीत ठेव.

चिपळूणचा बालरोगवाला

सिस्टर, तुम्ही विचारलं ते बरं झालं. मी विचारायला हवं होतं. आम्ही डॉक्टर लोक मोठा इतिहास घेतो आणि मशेरी राहून जाते.

खाडीकाठच्या ताई, दोन गोष्टी स्त्रीरोगतज्ज्ञांना या आठवड्यातच सांगा. एक, आधीचं बाळ २१०० ग्रॅमचं होतं आणि ३२ आठवड्यांना पोटाचा घेर मागे होता, जुना रिपोर्ट बरोबर न्या. अशा वेळी काही जणींना सोळा आठवड्यांच्या आत कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करतात, तुम्हाला हवी का ते त्यांना ठरवू दे, पण सोळा आठवड्यांनंतर जाऊन फारसा उपयोग नाही म्हणून आत्ता. दोन, १९-२० आठवड्यांच्या स्कॅननंतर थेट ३२ ची वाट न बघता मध्ये २६-२८ ला एक ग्रोथ स्कॅन मागा. एकदा मोजून वाढ कळत नाही, दोन-तीन मोजमापं लागतात, रस्त्यावर एकदाच गाडी दिसली तर ती किती वेगात आहे सांगता येत नाही तसं.

आणि आधीच सांगून ठेवतो, दुसरं बाळ समजा बारीक झालंच तर घरचे त्याला गुटगुटीत करायच्या मागे लागतील. पहिल्याच्या वेळी झालं होतं का असं?

खाडीकाठची

हो झालं होतं. दोन महिन्यांचा झाल्यावर माझं दूध पुरत नाही म्हणून पावडरचं दूध सुरू केलं, वर चौथ्या महिन्यापासून केळं आणि नाचणीची पेज. वर्षाचा झाला तेव्हा अकरा किलो होता, सगळे म्हणायचे बघा कसा भरला. मला पण बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू, बारीक म्हणून हिणवलेलं होतं ना त्याला.

चिपळूणचा बालरोगवाला

साहजिक आहे. मास्तरांनी लिहिलं ते हेच, पहिल्या वर्षात वजन फार झपाट्याने चढलं तर घरघरीचा धोका थोडा वाढलेला दिसतो. याचा अर्थ बारीक बाळाला उपाशी ठेवायचं असा अजिबात नाही, उलट त्याला भरून यायची गरज असतेच. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, नंतर वरचं खाणं, आणि वजन आमच्या तक्त्यावर त्याच्या रेषेने हळूहळू चढतंय ना एवढं बघायचं. दूध पुरत नाही असं वाटलं तर पावडरच्या आधी सिस्टरांसारख्या कुणाला तरी बाळ कसं धरता ते दाखवायचं. सहा महिन्यांनंतर अंडं, शेंगदाण्याची बारीक पेस्ट, मासळी हे उशिरा देऊ या म्हणून टाळायचं नाही. फक्त बाळाला आधीच जास्त चट्टे असतील तर सुरू करायच्या आधी मला किंवा तुमच्या डॉक्टरला विचारा.

देवगडची मावशी

गे बाय, गाद्यांचा काय केलंस ता सांग. आमच्याकडे कापसाची गादी होती जुनी, ती काढली तेव्हा अर्धा त्रास गेला. आता चादरी उकळत्या पाण्यात भिजवून धुते आणि पावसात सुकत नाहीत म्हणून इस्त्री मारते दोन्ही बाजूंनी.

खाडीकाठची

उशिरा लिहितेय, लाइट नव्हती चार दिवस.

आज नववा दिवस, मशेरीशिवाय. तिसऱ्या दिवशी मी रडले, भांडले नवऱ्याशी, पाचव्यापासून जरा बरं आहे. लवंग चघळते. तो फोन लावला होता, बाईंनी नीट बोललं, परत परवा करणार आहेत म्हणाल्या.

स्त्रीरोग डॉक्टरांकडे जुना रिपोर्ट घेऊन गेले. त्यांनी पूर्ण वाचला या वेळी, कारण मी आधीच सांगितलं की मला तीन गोष्टी विचारायच्यात आणि कागदावर लिहून नेल्या होत्या. ॲस्पिरिन बाराव्या आठवड्यापासून देणार आहेत, २७ ला जादाचा स्कॅन लिहून दिलाय. मुलाला रोजचा पंप सुरू झालाय स्पेसरने, मी त्याला सांगते विमानाचा मास्क आहे, घेतो. काल जोराचा पाऊस होता आणि सर्दी पण आहे पण रात्रभर झोपला. मी मात्र जागीच होते, कान लावून.

सासूबाईंना मास्तरांचं बांगड्याचं वाचून दाखवलं आणि सिस्टरांचं पण, त्यांचं नाव न घेता. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी न्हाणीची चूल त्यांनीच पेटवली, मला म्हणाल्या तू आत जा. त्यांचा डबा फडताळात दिसला नाही, गोठ्यात नेऊन ठेवलाय. त्या लावतात अजून, पण घरात नाही.

१९ आठवड्यांचा स्कॅन गणपतीनंतर आहे, तेव्हा पोटाचा घेर इथे लिहीन. मास्तर, तो आकडा कसा वाचायचा ते तेव्हा सांगाल ना?

जीवशास्त्र मास्तर

सांगेन. २७ चा आला की दोन्ही एकत्र टाक, एकट्या आकड्यावर मी काही बोलणार नाही.

निवृत्त सिस्टर

हिमोग्लोबिन पण लिही त्याच्याबरोबर.